लायब्ररी निवडताना या चुका टाळा

नवी मुंबईतील महापे आणि ऐरोली येथील कार्यालयांत काम करताना मी अनेक प्रकल्प पाहिले, आणि बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, निवडताना होणाऱ्या त्याच त्या चुका जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहिल्या. त्यांतली सर्वांत महागडी चूक म्हणजे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे स्टार (लोकांनी दिलेली पसंती) आणि नमुना पान पाहून निर्णय घेणे.

ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांसाठी देखभाल शुल्काची बिले काढणारी प्रणाली आम्ही करत होतो. पीडीएफ बनवणारी लायब्ररी एका सहकाऱ्याने अर्ध्या तासात निवडली. स्टार हजारोंनी होते, नमुना देखणा होता, आणि आमच्या सर्व चाचण्या इंग्रजी नावांवर झाल्या. पुढे घोडबंदर रस्त्यावरील एका संस्थेच्या सचिवांनी मराठी बिल मागितले, तेव्हा ‘वार्षिक’मधला रफार ‘षि’वर न चढता पाय मोडलेला ‘र’ होऊन सुटा उभा राहिला आणि ‘हिशेब’मधली वेलांटी ‘ह’च्या आधी न येता नंतर आली. फॉन्ट बदलून पाहण्यात दोन दिवस गेले, पण दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठवला जातो आणि दाखवताना मात्र आधी मांडावा लागतो. ही मांडणी हार्फबझसारखे शेपिंग इंजिन (अक्षरांची जुळणी करणारे सॉफ्टवेअर) करते, आणि आमच्या लायब्ररीत तशी सोयच नव्हती. हीच तक्रार त्या लायब्ररीच्या इश्यूंच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या अडचणींच्या, यादीत केव्हाची नोंदलेली होती, पण ती यादी आमच्यापैकी कोणीही उघडली नव्हती. शेवटी बिल एचटीएमएलमध्ये मांडून ते क्रोमियम या ब्राउझरकडून पीडीएफमध्ये छापून घेतले, कारण क्रोमियम हार्फबझच वापरतो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की लायब्ररीचा नमुना मी चालवतच नाही. ‘श्रीकृष्ण’, ‘वार्षिक’, रुपयाचे चिन्ह, 1,00,000 असा लिहिलेला आकडा आणि नाव रिकामे असलेली एक ओळ, एवढा मजकूर आधी तिला देतो. त्यानंतर बंद केलेले इश्यूही वाचतो, कारण प्रश्न सोडवून बंद केले की नुसतेच बंद केले, यावरून सांभाळणाऱ्यांची वृत्ती कळते.

परवाना शेवटच्या आठवड्यात वाचू नये. एजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखालचा कोड बदलून त्यावर नेटवर्कवरून सेवा दिली, तर वापरकर्त्यांना स्रोत कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. पॅकेजचे, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या लायब्ररीचे, नाव अक्षर न् अक्षर तपासावे. 2017 मध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ऐवजी मधल्या रेघेविना नाव टाइप करणाऱ्यांना एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात संगणकावरची गुपिते चोरणारे पॅकेज मिळत होते.

क्षुल्लक कामासाठी पॅकेज आणणे मला विशेष खटकते. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादातून एनपीएमवरून काढून घेतले आणि बेबेल या जावास्क्रिप्ट साधनासह असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून प्रणाली तयार करणे) कोसळले. अकरा ओळी स्वतः लिहाव्यात. नवशिक्यांना त्याचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, पण पॅकेज घेणे म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणे आहे, आणि त्याने आणलेल्या पाहुण्यांनाही, म्हणजे ते पॅकेज ज्यांवर अवलंबून असते त्या इतर पॅकेजांनाही. नेमकी आवृत्ती न ठरवता ती मोकळी सोडणेही तितकेच धोक्याचे आहे. जानेवारी 2022 मध्ये ‘कलर्स’ या पॅकेजच्या लेखकानेच नव्या आवृत्तीत न संपणारा लूप घातला, आणि ज्यांनी आवृत्ती गोठवली नव्हती त्यांच्याकडे तो आपसूक पोहोचला. मी नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल कोडसोबत रिपॉझिटरीत ठेवतो, सर्व्हरवर त्याच आवृत्त्या बसवणारी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा चालवतो आणि बदलांची नोंद वाचून एका वेळी एकच लायब्ररी अद्ययावत करतो. एरर आली की सगळेच अद्ययावत करून पाहण्याची घाई मला मान्य नाही. त्यात मूळ दोष कोणता होता हेच हरवते.

लायब्ररी घेतानाच ती काढायची वेळ येईल असे धरून चालावे. बिलांच्या त्या प्रकल्पात पीडीएफ लायब्ररी चाळीस फाइलींतून थेट वापरली होती, म्हणून ती बदलायला तीन आठवडे लागले. आता बाहेरची कोणतीही लायब्ररी मी आमच्या एकाच फाइलीतून वापरू देतो, आणि दुसऱ्या फाइलीत ती थेट जोडलेली (इम्पोर्ट) दिसली तर सहकाऱ्याचा कोड तपासताना, म्हणजे रिव्ह्यूमध्ये, तो बदल परत पाठवतो.