इटालियनमध्ये तक्रार करायला शिका

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या घरी इटालियन शिकायला येणारी मुलं बहुतेक आर्किटेक्चर नाहीतर फाइन आर्ट्सची असतात, मिलान किंवा तोरिनोला निघालेली. कॉफी मागणं, रस्ता विचारणं त्यांना पटकन जमतं. पण तक्रार करता आल्याशिवाय मी कुणाला विमानात बसू देत नाही. 'जाऊ दे, परक्या मुलखात कशाला वाद' असं ऐकत वाढलेली ही पोरं तिकडे थंडगार खोलीत दोन स्वेटर चढवून बसतात आणि भाडं मात्र पूर्ण भरतात. मला हे बघवत नाही.

सुरुवात नमस्काराने. आधी 'बोनजोर्नो', दुपार कलली की 'बोनासेरा', आणि समोरच्याने उलट म्हणेपर्यंत थांबायचं. मंगळ बाजारात आपण पिशवी पुढे करून थेट 'भाई, आ तो फाटेलुं नीकळ्युं' (हे तर फाटकं निघालं) म्हणतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तिकडे तसं केलंत तर पहिल्या वाक्यालाच कपाळाला आठी पडते. नमस्कार झाला की 'स्कूझी, आव्रेई उन प्रोब्लेमा', म्हणजे माफ करा, मला एक अडचण आहे. 'स्कूझा' मित्राला म्हणायचं. अनोळखी माणसाशी नेहमी 'लेई'चं, म्हणजे आदरार्थी 'आपण'चं रूप.

नम्रपणे मागायची क्रियापदाची रूपं चारच घोटून घ्या: वोर्रेई (मला हवं होतं), आव्रेई (माझ्याकडे जरा... आहे), पोत्रेब्बे (आपण कराल का), सारेब्बे (होईल का). 'वोल्यो काम्ब्यारे कामेरा' म्हणजे मला खोली बदलून हवी, हे हुकूम सोडल्यासारखं लागतं. 'सारेब्बे पोस्सीबिले काम्ब्यारे कामेरा?' म्हटलं की मागणी तीच राहते आणि रिसेप्शनवरची बाई निदान रजिस्टर उघडून बघते.

मग वस्तुस्थिती. 'तुम्ही दुरुस्त केलं नाही' असं बोट दाखवायचं नाही. 'इल रिस्काल्दामेन्तो नोन फुन्त्स्योना दा लुनेदी', सोमवारपासून हीटिंग चालत नाही. बस, एवढंच. लगेच पुढे काय हवं ते, मुदतीसकट: 'पोत्रेब्बे मान्दारे उन तेक्निको एन्त्रो वेनेर्दी?' शुक्रवारपर्यंत मेकॅनिक पाठवाल का? हे 'एन्त्रो', म्हणजे 'अमुक दिवसाच्या आत', फार कामाचं. तोरिनोत माझ्या खोलीचा बॉयलर, म्हणजे 'काल्दाया', बिघडला तेव्हा घरमालकीण रोज गोड हसून 'दोमानी, दोमानी' (उद्या, उद्या) म्हणायची. मी आवाज न चढवता विचारलं, 'एन्त्रो क्वान्दो, सिन्योरा?' म्हणजे कधीपर्यंत, बाई? तिला वार सांगावाच लागला आणि त्या वारी माणूस आला.

हीटिंगचं एक लक्षात ठेवा. मिलान, तोरिनो, बोलोन्या या पट्ट्यात ते साधारण 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल एवढंच चालवायची परवानगी असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुडकुडत तक्रार केलीत तर उपयोग नाही, रजई मागा.

हॉटेलात बिल चुकलं तर 'क्रेदो के ची सीया उन एर्रोरे नेल कोन्तो', मला वाटतं बिलात चूक झालीय. पण आधी मेनू बघा. 'कोपेर्तो' हा माणशी आकार मेनूवर छापलेला असेल तर त्यावर भांडू नका.

दुकानाशी बोलताना कायदा माहीत हवा. इटलीच्या 2005 च्या ग्राहक संहितेनुसार नव्या वस्तूवर 2 वर्षं 'गारान्त्सीया लेगाले', म्हणजे कायदेशीर हमी, असते आणि ती जबाबदारी विकणाऱ्याची असते. तो तुम्हाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पिटाळू लागला तर शांतपणे हे दोन शब्द उच्चारा. 'स्कोन्त्रीनो', म्हणजे बिलाची पावती, जपून ठेवलेली हवी. रेल्वेचंही तसंच: गाडी 60 ते 119 मिनिटं उशिरा पोचली तर तिकिटाचे 25 टक्के, 120 मिनिटांपासून पुढे 50 टक्के परत मागता येतात. उशीर रेल्वेच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल, तर मात्र अपवाद निघू शकतो.

तोंडी सांगून भागलं नाही की लिहायचं. मायना कंपनीला 'स्पेत्ताबिले', व्यक्तीला 'जेन्तीले'. विषयाच्या ओळीत 'रेक्लामो', म्हणजे तक्रार. मग तारखा, करार किंवा तिकीट क्रमांक, काय हवंय, कधीपर्यंत. शेवटी 'दिस्तीन्ती सालूती', आपल्या 'आपला विश्वासू'सारखं. विशेषणं गाळा. 'भयंकर', 'लाजिरवाणं' वगैरे लिहिलं की वाचणारा तारखा सोडून तेवढ्यावरच उत्तर देतो. टपालाने पाठवताना पोचपावतीची 'राक्कोमान्दाता', म्हणजे रजिस्टर्ड पत्र, करा. आणि उत्तर येईपर्यंत चिडून भाडं थांबवू नका, कारण थकलेल्या भाड्यावरून घरमालक 'स्फ्रात्तो', म्हणजे घर खाली करण्याची कारवाई सुरू करू शकतो.