मस्क्युलर डिस्ट्रॉफी असताना खुर्चीतून कसे उठावे

मला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. या आजारात कंबर, मांड्या आणि खांद्यांचे स्नायू आधी दुबळे होतात, त्यामुळे चालण्याआधी उठणे अवघड होऊन बसते. "रोज उठाबशा काढा, ताकद येईल" हा सल्ला मनावर घेऊ नये. ज्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात, ते श्रम कमी करावेत.

बैठक उंच करून घ्यावी. बाजारातील खुर्ची साधारण 17 ते 18 इंच उंच असते; ठाण्याच्या नौपाड्यातील सुताराकडून पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे बसवून मी माझी 22 इंचांवर नेली आहे. खाच हवीच, नाहीतर खुर्ची ठोकळ्यावरून घसरते. कमोडवर उंचीची जादा बैठक लावावी.

आता खरे अवघड काम, म्हणजे बूड खुर्चीवरून सुटण्याचा क्षण. आधी सरकत काठाशी यावे आणि पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकून, हातांनी खुर्चीच्या दांड्या दाबत कंबर वर न्यावी. त्यानंतर तळहात मांड्यांवर टेकवून एकेक वर चढवत गुडघे सरळ करावेत, आणि धड सर्वांत शेवटी उभे करावे. हे वाकणे पाहणाऱ्याला विचित्र वाटते, पण त्यानेच शरीराचा भार गुडघ्यांच्या पुढे राहतो आणि दुबळी मांडी असूनही गुडघा दुमडत नाही.

नेमके याच वेळी कोणीतरी मायेने काखेत हात घालून वर ओढतो. कृपया असे करू देऊ नका. खांद्याचे स्नायू दुबळे असल्याने हात नुसताच वर निघून येतो, शरीर उचलले जात नाही; शिवाय धड मागे खेचले गेले की भार गुडघ्यांच्या मागे पडतो आणि पाय क्षणात मोडतात. ठाण्यातीलच एका लग्नात माझे मेहुणे असे मदतीला धावले आणि आम्ही दोघेही जमिनीवर आलो. माझा गुडघा महिनाभर सुजलेला होता. मदतनीसाने बाजूला, थोडे पुढे उभे राहावे, कंबरेला बांधलेल्या रुंद कापडी पट्ट्यावर हात ठेवावा आणि मी "तीन" म्हटल्यावरच कंबर पुढे व वर ढकलावी. मोजणी उठणाऱ्यानेच करावी, यावर मी ठाम आहे.

उभे राहिल्यावर लगेच पाऊल टाकू नये, चार-पाच श्वास थांबावे.

कार्यालयातही उंच खुर्ची मागून घ्यावी: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट समावेश आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. तलावपाळीला संध्याकाळी फिरायला गेल्यावर मात्र गुडघ्याहून खालच्या कट्ट्यावर कितीही दमलात तरी बसू नका. मी घडीचे उंच स्टूल बरोबर नेतो.