‘ट्रॅकसूट मॅनेजर’ची कॅसेट स्पेक्ट्रमवर लोड होत नसेल तर (माझा अनुभव)

मशीन: झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (कॅसेट रेकॉर्डरवरून प्रोग्रॅम लोड करणारा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर). गेम: १९८८चा ‘ट्रॅकसूट मॅनेजर’, मूळ कॅसेट. इंग्लंडचा राष्ट्रीय संघ सांभाळायला देणारा हा गेम ‘फुटबॉल मॅनेजर’ या दुसऱ्या फुटबॉल गेमच्या सावलीत उगाच झाकोळला गेला.

लक्षण: प्रोग्रॅमचं नाव पडद्यावर उमटतं, पण पुढच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत ‘आर टेप लोडिंग एरर’ येतो. त्याच रेकॉर्डरवर स्वतः सेव्ह केलेले प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार लोड होतात. सुगावा हाच.

आवाज कमी-जास्त केला, केबल बदलली, रेकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्पिरिटने पुसलं, उपयोग शून्य. डोकं पार उठलं होतं.

दोष हेडच्या कोनात होता; माझ्या टेपा त्याच कोनात रेकॉर्ड झालेल्या, म्हणून त्या चालत होत्या. रेकॉर्डरमधून इअरची पिन (कॉम्प्युटरला आवाज नेणाऱ्या केबलची) काढा, म्हणजे टेप स्पीकरवर ऐकू येईल. प्ले चालू ठेवून हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू शोधा. त्याच्या मूळ जागेची पेनाने खूण करा (हे टाळू नका). आता चुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने तो अगदी किंचित, दोन्ही दिशांना फिरवून पाहा. आवाज जिथे सर्वांत तीक्ष्ण, कर्कश लागेल तिथे थांबा. दबका आवाज म्हणजे कोन अजून चुकलेला.

मग टेप मागे घ्या, फक्त इअरची पिन लावा, माइकची काढून ठेवा. व्हॉल्यूम पाऊण, ट्रेबल पूर्ण. कीबोर्डवर जे (म्हणजे ‘LOAD’), मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी (दोन अवतरणचिन्हं), एंटर, शेवटी रेकॉर्डरवर प्ले.

गेम लोड झाला की स्क्रू खुणेवर परत आणा, नाहीतर तुमच्या स्वतःच्या टेपा रुसतील.