विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढावी: मुंबई–दिल्ली धरून

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. दिल्ली 28.57 उत्तर, 77.10 पूर्व. गडबड बहुतेक वेळा इथेच होते. कुठेतरी '28 अंश 34 मिनिटं' असं दिलेलं असतं आणि ते सरळ 28.34 म्हणून टाकलं जातं. मिनिटांना 60 ने भागायचं असतं. नाहीतर दिल्ली पंचवीस किलोमीटर दक्षिणेला सरकते. विमानतळही नीट बघून घ्या. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, नवी मुंबईचाही वेगळा आहे.

अक्षांशांतला फरक 9.48. एक अंश साधारण 111 किलोमीटरचा, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर 1,052. रेखांशांतला फरक 4.23, पण उत्तरेकडे जाल तशा या रेषा जवळ येत जातात, म्हणून 4.23 × 111 ला मधल्या अक्षांशाच्या (23.8) कोसाइनने, म्हणजे 0.915 ने गुणा. आले 430. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की सुमारे 1,136 किलोमीटर. देशातल्या देशात शाळेतला पायथागोरस एवढं काम चोख करतो. लंडनसाठी मात्र गोलावरचं सूत्र लागतं, आणि एक्सेलमध्ये ते वापरताना अंशांचे आधी रेडियन करावे लागतात. मुंबई–हीथ्रो 7,200 च्या आसपास आलं नाही, तर हीच पायरी राहिली असं समजा.

आता वेळ. 1,136 ला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी 830 किलोमीटरने, भागलं की 1 तास 22 मिनिटं येतात. एवढ्या वेळात कुठलंही प्रवासी विमान दिल्ली गाठत नाही. चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि हवाई मार्ग सरळ रेषेत नसतो. त्याची 20–25 मिनिटं धरा. गेटपासून धावपट्टी आणि उतरल्यावर परत गेट, याची आणखी 25–30. झाले सव्वादोन तासांच्या आतबाहेर. तिकिटावरची वेळ हीच, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. कंपन्या तीत थोडी ढीलही ठेवतात, म्हणून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं.

लांबच्या प्रवासात वारा हिशेब फिरवतो. वरच्या थरात जोरदार वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. हवाई हद्दीचंही तसंच: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि त्यांच्या दिल्ली–युरोप फेऱ्या लांबल्या.

पोचण्याची वेळ नेहमी तिथल्या घड्याळाची छापलेली असते. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. जुलैमध्ये दुपारी 1 ला निघून संध्याकाळी साडेसहाला पोचणारं विमान साडेपाच नव्हे, दहा तास उडतं-धावतं.