खलाशाचा हिशेब अडला तर: सरकारी खर्चाने वकील कसा मिळवायचा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे मे महिना सरत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या वर काढायची घाई सुरू होते आणि खलाशांचे हिशेब त्याच दिवसांत होतात. बागांतल्या नेपाळी गड्यांचे हिशेबही मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या आत. मी रत्नागिरीत विधी स्वयंसेविका आहे. माझ्याकडे माणसं येतात ती बहुतेक याच सुमारास: "ताई, मालक म्हणतो उचल फिटली नाही, पैसे कसले मागतोस?" उचल म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे.

"नेपाळी तो, त्याला इथला कसला कायदा?" असं शेजारचेच म्हणतात तेव्हा मला राग येतो. भारत-नेपाळच्या १९५०च्या करारामुळे नेपाळी माणूस व्हिसाशिवाय इथे राहू शकतो, काम करू शकतो. आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकिलासाठी नागरिकत्वाची अटच नाही. बाई असो, लहान मूल असो, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असो, दिव्यांग असो, कोठडीत असो, वेठबिगारीत किंवा तस्करीत सापडलेला असो, त्याचं उत्पन्न विचारलं जात नाही. बाकीच्या बहुतेकांचं वर्षाचं उत्पन्न महाराष्ट्रात तीन लाखांच्या आत हवं. परप्रांतातल्या माणसाला इथला उत्पन्नाचा दाखला मिळणार कुठून? त्यावाचून अडत नाही, शपथपत्र चालतं.

जायचं कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. रत्नागिरीत, सिंधुदुर्गात ओरोसला, रायगडात अलिबागला. लांब पडत असेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तेही जमत नसेल तर १५१०० वर फोन करा.

अर्ज साध्या कागदावरही चालतो. लिहिता येत नसेल तर कार्यालयातली माणसं लिहून घेतात. मात्र नावाकडे नीट लक्ष द्या. बागेत सगळे त्याला बहादूर म्हणत असतील, पण अर्जावर त्याच्या नागरिकतेच्या कागदावरचंच नाव अक्षरन् अक्षर उतरवा. तो कागद देवनागरीत असतो, त्यामुळे आपल्याला वाचता येतो. फक्त साल विक्रम संवताचं असतं. जन्मसाल २०५० दिसलं तर दचकू नका, ते आपलं १९९३-९४. हे आधीच लिहून ठेवलं नाही तर पुढे वयाचा घोळ होतो. कागद मालकाने किंवा तांडेलाने (होडीवरच्या म्होरक्याने) ठेवून घेतला असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. ती वेगळी तक्रार आहे, आणि गंभीर आहे.

सोबत काय न्यायचं? होडीचं नाव आणि तिच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक, कामाला कधी लागला, मजुरी किती ठरली होती, उचल किती घेतली. हिशेबाच्या वहीच्या पानाचा फोटो, फोनवर आलेले पैशांचे मेसेज, मालकाचे आवाजी निरोप. बरोबरच्या दोघांची नावं आणि नंबर. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगा.

अर्ज दिला की आवक क्रमांक मागून घ्या. सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळा खर्च प्राधिकरणाचा. नेमलेल्या वकिलाने चहापाण्याचेही पैसे मागितले तर सचिवांना लेखी कळवा. वकील बदलून मिळतो.

मजुरीच्या बाबतीत मी आधी दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचा अर्ज करायला सांगते. प्राधिकरण मालकाला नोटीस काढतं, दोघांना समोर बसवतं. तडजोड झाली तर लोकअदालतीत निवाडा होतो, त्यावर अपील नाही. घरी परतायची घाई असलेल्याला दोन-चार वर्षांचा दावा परवडत नाही.

वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर उचलीपायी अडकवून ठेवलेलं कातकरी कुटुंब असेल तर नुसत्या वकिलाच्या अर्जावर थांबू नका. थेट प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र मागा. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्दच होतं.

युद्धातून, छळातून पळून आलेल्यांचं जास्त कठीण. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्यालय दिल्लीत आहे. पण अशा माणसाला अटक झाली तर २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभं करणं आणि वकील मिळणं हा त्याचाही हक्क. वाचता न येणाऱ्या कागदावर त्याची सही होण्याआधी प्राधिकरणाला कळवा.

आणि नेपाळी गडी किंवा खलाशी गावाला जायला निघण्याआधी वकीलपत्रावर त्याची सही झाली का ते बघा. त्याचा नेपाळमधला नंबर आणि घरच्या एखाद्याचा नंबर वकिलाकडे लिहून द्या, म्हणजे तारीख लागली की निरोप पोचेल.