रेडिओची बॅटरी टिकत नाही? आधी या चुका टाळा

रेडिओचं मागचं झाकण उघडा आणि बॅटरीवर काय छापलंय ते वाचा. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. नाशिकच्या एमजी रोडवर मिळणाऱ्या पेनड्राइव्ह-ब्लूटूथवाल्या सेटमध्ये बहुधा ३.७ व्होल्टची लिथियम असते: जुन्या नोकियातली चपटी बीएल-५सी, नाहीतर गोल १८६५०. टॉर्चवाल्या जाडजूड सेटमध्ये ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड निघते. काहींत पेन्सिल सेल. तिघींची तऱ्हा वेगळी, आणि आपण सगळ्यांना मोबाइलचेच नियम लावतो.

लिथियम महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर साधारण अर्धी भरून ठेवावी. लेड-अ‍ॅसिडचं नेमकं उलटं: रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि बॅटरी बसते. पावसाळाभर माळ्यावर पडलेला टॉर्च-रेडिओ दिवाळीत चालू होत नाही, तो यामुळे. तो पूर्ण चार्ज करून ठेवा, मधूनमधून पुन्हा चार्जिंगला लावा.

साधे, म्हणजे रिचार्ज न होणारे सेल चार्जरला लावू नका. 'थोडा वेळ लावले तर चालतात' हे ऐकू नका. ते गळतात, स्प्रिंगा सडतात. अल्कलाइन सेल गळून पांढरी खपली धरली असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा.

रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. त्यामुळे काही रेडिओंवर बॅटरीची खूण पूर्ण भरलेली दिसतच नाही. सेल खराब नाही, घाबरू नका. चूक होते ती नवे-जुने सेल एकत्र घालण्यात. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून उलटा दाब देत राहतात आणि तो कायमचा जातो. चारही सेल एकाच वेळी घेतलेले असावेत. २००० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सेलला २०० मिलिअँपिअरचा साधा चार्जर १४ ते १६ तास घेतो. आपोआप बंद होणारा नसेल तर वेळ लिहून ठेवा आणि काढा.

आता १८६५०. वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेला सेल स्वस्तात मिळाला की लोक खूश होतात. या मापाच्या चांगल्या सेलचीही क्षमता साधारण ३५०० च्या आसपास असते. आकडाच खोटा, तर आतल्या मालाचं काय सांगावं? चांगला सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो. तराजूवर टाकून बघा, हलका निघाला तर दुकानदाराला परत करा.

'चार्जिंग होत नाही' असं वाटलं तर केबल बदलून बघा. टाइप-सी सॉकेटचे बरेच स्वस्त रेडिओ सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर मुकाट होतात. चार्जिंगला लावून रेडिओ खरखरत असेल, विशेषतः मीडियम वेव्हवर, तर तो चार्जरचा गोंगाट. बॅटरीला दोष देऊ नका.

मे महिन्यात द्राक्षबागेत उन्हात पडलेला किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला सेट तसाच चार्जिंगला लावू नका. आधी सावलीत निवू द्या. २०२७ च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवकांच्या हाती वॉकीटॉकी येतील, त्यांनाही हेच. त्यांची बॅटरी बहुधा ७.४ व्होल्टची, म्हणजे दोन लिथियम सेलची जोडी असते. पूर्ण भरल्यावर ८.४. ती त्याच सेटच्या चार्जरवरच लावावी, शेजारच्या मंडळाचा 'बसतोय की' म्हणून नव्हे. रामकुंडावर हात ओले असणारच, तेव्हा संपर्काच्या पट्ट्या कोरड्या पुसून मगच चार्जरमध्ये ठेवा.

बॅटरी फुगली, झाकण वर आलं, तर दाबून बसवू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून घरातल्या जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात चेपली गेली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून नवी घेताना दुकानात जुनीचं विचाराच.