त्रिकोणमितीय राशीचे रूप बदलून किंमत कशी काढावी

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीय नित्य समानता येतात आणि अकरावीत त्यांना कोनांच्या बेरजेच्या सूत्रांची जोड मिळते. ही सूत्रे तोंडपाठ असूनही गणित दुसऱ्या ओळीवर अडते, याचे कारण बहुधा एकच असते: राशी कोणत्या रूपात आणायची हे न ठरवताच सूत्रे लावायला सुरुवात केलेली असते. म्हणून प्रथम दिलेली माहिती कोणत्या गुणोत्तरात आहे ते पाहावे आणि समोरची राशी केवळ त्याच गुणोत्तरात लिहिता येईल का, याचा विचार करावा.

समजा, टॅन थीटा = ३/४ दिले आहे आणि (साइन थीटा + २ कॉस थीटा) ÷ (३ साइन थीटा − कॉस थीटा) या राशीची किंमत हवी आहे. येथे काटकोन त्रिकोण काढून कर्ण ५ घेणारे पुष्कळ असतात. उत्तर त्यानेही येते, पण अंश आणि छेद या दोहोंना कॉस थीटाने भागले तर राशी (टॅन थीटा + २) ÷ (३ टॅन थीटा − १) अशी होते आणि २.७५ ÷ १.२५, म्हणजे २.२ हे उत्तर एका ओळीत मिळते. शिवाय थीटा पहिल्या चरणात आहे की तिसऱ्या, याची चौकशीही करावी लागत नाही, कारण साइन आणि कॉस या दोघांची चिन्हे एकदम बदलली तरी भागाकार तोच राहतो.

ही सवलत सगळीकडे मिळत नाही. साइन थीटा = ५/१३ असेल, तर साइन² थीटा + कॉस² थीटा = १ या समानतेवरून कॉस² थीटा = १४४/१६९ एवढेच निश्चित होते. थीटा लघुकोन असेल तर कॉस थीटा १२/१३ आणि विशालकोन असेल तर −१२/१३. वर्गमूळ घेताना चरण तपासणे ही पायरी वहीत स्वतंत्र ओळीवर लिहावी, असे माझे मत आहे. मनातल्या मनात केली की ती हमखास गळते.

सिद्धतेच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात सांगता येईल. छेदात १ + साइन थीटा दिसले की अंश-छेदांना १ − साइन थीटाने गुणावे, म्हणजे छेदात कॉस² थीटा येतो. कॉस थीटा ÷ (१ + साइन थीटा) = सेक थीटा − टॅन थीटा ही समानता एवढ्यानेच सिद्ध होते. अर्थात, हे गुणन करताना १ − साइन थीटा शून्य नसल्याची खात्री असावी.

बेरजेच्या सूत्रांचा खरा उपयोग मोजमापात कळतो. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील आवारातील राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे आणि मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश आहे. विषुवदिनी सूर्य माध्यान्ही, म्हणजे येथील घड्याळाप्रमाणे साडेबारानंतर, डोक्यावरील बिंदूपासून १९ अंश दक्षिणेला असतो, म्हणून सपाट जमिनीवर टॉवरच्या सावलीची लांबी ८५ × टॅन १९° इतकी धरता येते. टॅन १९° = ०.३४४३ घेतल्यास ती सुमारे २९ मीटर भरते.

डिसेंबरातील अयनदिनी सूर्य आणखी २३.५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो. टॅन २३.५° = ०.४३४८ एवढेच माहीत असेल, तर टॅन (अ + ब) = (टॅन अ + टॅन ब) ÷ (१ − टॅन अ × टॅन ब) हे सूत्र वापरावे. अंश ०.७७९१ आणि छेद ०.८५०३ येतो, भागाकार ०.९१६३, म्हणून सावली सुमारे ७८ मीटर. कोन ४५ अंशांपेक्षा किंचित लहान असल्याने टॅन १ पेक्षा किंचित कमी यायलाच हवा, ही पडताळणी लगेच करून घ्यावी. छेद विसरून दोन टॅनची नुसती बेरीज केली असती, तर सावली ६६ मीटर आली असती, म्हणजे तब्बल १२ मीटर कमी.

जूनमधील अयनदिनी सूर्य मुंबईच्या उत्तरेला जातो, तेव्हा तेच सूत्र वजाबाकीच्या रूपात चालते: (०.३४४३ − ०.४३४८) ÷ १.१४९७ = −०.०७८७. सावली सुमारे ६.७ मीटर, ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच, की ती नेहमीप्रमाणे उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. (आकाश निरभ्र असेल तर. जूनच्या उत्तरार्धात मुंबईत ही अट पाळली जाण्याची आशा थोडीच.) तक्त्यातील दोनच किमतींवरून तीन दिवसांच्या सावल्या मिळाल्या. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेली कोनांच्या बेरजेच्या ‘ज्ये’ची (ज्या म्हणजे साइन) सूत्रे अशाच कामाची होती: ज्ञात कोनांवरून इतर कोनांच्या ज्या काढणे.

आकडे घालण्याआधी रूप बदलण्याची सर्वाधिक गरज मात्र अतिशय लहान कोनांच्या बाबतीत भासते. १ − कॉस ०.०१° ही किंमत आठ दशांश स्थळांपर्यंतच्या आकड्यांनी काढली, तर १ − ०.९९९९९९९८ = ०.०००००००२ असे उत्तर येते. त्याऐवजी १ − कॉस थीटा = २ साइन² (थीटा/२) ही समानता आधी वापरावी. साइन ०.००५° = ०.००००८७२७ याच्या वर्गाची दुप्पट सुमारे ०.०००००००१५२ होते, आणि हीच किंमत बरोबर आहे. पहिल्या उत्तरातील चूक जवळजवळ एक तृतीयांश आहे, कारण दोन अगदी जवळच्या संख्यांच्या वजाबाकीत उपयोगाचे बहुतेक सर्व अंक निघून जातात.